यंत्र ओळख देत नाहीं तेव्हां

तालुक्याच्या एका गांवीं जुनें सार्वजनिक वाचनालय आहे. इमारत कौलारू, खिडक्या उंच, आणि पुस्तकें अठरा हजारांच्या वर. या पुस्तकांची दाखलनोंद पूर्वीं जाड पुठ्ठ्याच्या वह्यांतून होत असे. पुढें वह्यांना कसर लागली, शाई उडूं लागली, तेव्हां कार्यकारी मंडळानें एक लॅपटॉप घेतला आणि ग्रंथपालबाईंनीं रोज सायंकाळीं देवघेव आटोपल्यावर तास-दीड तास बसून एकेक पुस्तक त्या यंत्रांत नोंदविण्यास आरंभ केला. हा उद्योग दोन वर्षें अखंड चालला. मग एका पावसाळी सायंकाळीं विंडोज स्वतःची सुधारणा करून घेत असतां वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हांच दमली होती. यंत्र जागच्या जागीं बंद पडलें. वीज परत आल्यावर बाईंनीं कळ दाबली, तों पडद्यावर ठिपक्यांचें वर्तुळ बराच वेळ फिरत राहिलें आणि शेवटीं विंडोज सुरू होऊं शकत नाहीं एवढाच निरोप उमटला.

वाचनालय अगदींच बेसावध नव्हतें. बाहेरच्या एका डिस्कवर बॅकअप, म्हणजे सगळ्या यंत्राची राखीव प्रत, घेऊन ठेविलेली होती; मात्र ती दोन महिन्यांपूर्वींची होती. शिवाय कपाटांत एका पाकिटांत एक पेन ड्राइव्ह होता. विंडोज उठत नाहीं अशा वेळीं यंत्र या पेन ड्राइव्हवरून चालू करावयाचें आणि राखीव प्रत आंतल्या डिस्कवर परत उतरवावयाची, अशी तजवीज पूर्वींच्या चिटणिसांनीं करून ठेविली होती. पाकिटावर त्यांच्याच हातचें २०१९ हें साल होतें. पेन ड्राइव्ह लावला. यंत्र त्यावरून सुरूहि झालें. बॅकअपचा कार्यक्रम पडद्यावर आला. परंतु डिस्कांच्या यादींत बाहेरची डिस्क तेवढी दिसत होती. लॅपटॉपच्या पोटांतील डिस्क, जिच्यावर दोन वर्षांची नोंद होती, तिचा कोठें मागमूस नव्हता. बोट फिरवून बाण हालविण्याची जी चौकोनी पट्टी असते, तीहि मेल्यासारखी पडून होती.

बाजारपेठेंतील दुरुस्तीवाल्यास बोलावणें गेलें. त्यानें यादी पाहिली आणि "डिस्क गेली, बाई" असा निर्वाळा दिला. माणूस अप्रामाणिक नव्हता. जी वस्तु दिसत नाहीं ती नाहीं, असें मानण्याकडे सर्वांचाच कल असतो. त्यानें दुकानांतून एक कोरी डिस्क आणून बसविली. यादींत तीहि दिसेना. तेव्हां मात्र तो गोंधळला आणि आतां मदरबोर्डच बिघडला असावा असें म्हणूं लागला. वस्तुतः या दुसऱ्या अपयशानेंच खरें निदान हातीं दिलें होतें. एक वापरलेली आणि एक कोरी, अशा दोन डिस्का एकाच सायंकाळीं मेलेल्या निघाव्या हें संभवत नाहीं. न दिसण्याचा दोष वस्तूंत नसून पाहाणाराच्या डोळ्यांत असूं शकतो. आणि येथें पाहाणारा होता तो २०१९ सालचा पेन ड्राइव्ह.

अशा पेन ड्राइव्हवर असतें तरी काय? विंडोजसाठीं लिहिलेले जे बॅकअपचे कार्यक्रम आहेत, त्यांपैकीं बऱ्याच जणांचें संकटकाळचें माध्यम 'विंडोज पीई' या धाकट्या विंडोजवर उभारलेलें असतें, कांहींचें लिनक्सवर. ही धाकटी विंडोज मायक्रोसॉफ्टनें २००२ सालीं प्रथम मोठ्या कचेऱ्यांच्या उपयोगासाठीं दिली. ती पेन ड्राइव्हवरून उठते, सगळीच्या सगळी रॅममध्यें जाऊन बसते, स्वतःकडे 'एक्स' हें अक्षर घेते, आणि यंत्राच्या डिस्कला हात न लावतां आपलें काम करते. तिनें कोणाच्या यंत्रावर कायमचें बिऱ्हाड करूं नये म्हणून ७२ तास सलग चालल्यावर ती आपण होऊन बंद होऊन पुन्हां सुरू होते. यंत्र बंद केलें कीं तिला शिकविलेलें सारें पुसलें जातें. दर वेळीं ती कोऱ्या मनानें उठते. तिच्याजवळ असतें तें फक्त जन्माच्या दिवशीं बांधून दिलेलें शिदोरीचें गाठोडें.

या शिदोरींतील मुख्य जिन्नस म्हणजे ड्रायव्हर. संगणकांतील प्रत्येक अवयव आपली निराळी बोली बोलतो. डिस्क सांभाळणारी चिप असो, जाळ्याचें कार्ड असो, कीं तीं बोटानें चालवावयाची पट्टी असो, विंडोजला त्यांची बोली आपोआप समजत नाहीं. मध्यें एक दुभाष्या लागतो; त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. मोठ्या विंडोजजवळ असे हजारों दुभाषे असतात, आणि एखादा नसला तर ती इंटरनेटवरून मागवून घेते. धाकटीजवळ थोडे असतात आणि नवे मागविण्याची सोय बहुधा नसते. म्हणून एखादा अवयव पूर्ण धडधाकट असूनहि तिच्या दरबारीं त्याची दाद लागत नाहीं.

अवयव मात्र आपलें नांव सांगण्यास कधींहि कचरत नाहीं. १९९२ सालापासून चालत आलेल्या पीसीआय पद्धतींत प्रत्येक अवयवाला दोन खुणा दिलेल्या असतात: एक बनविणाराची, दुसरी त्या वस्तूची. प्रत्येक खूण चार अक्षरांची, आणि तीं अक्षरें शून्यापासून नवापर्यंतचे आंकडे व इंग्रजी 'ए'पासून 'एफ'पर्यंतचीं अक्षरें यांतून घेतलेलीं. इंटेलची खूण ८०८६ आहे. १९७८ साली निघालेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच तो आंकडा. एएमडीची १०२२, रिअलटेकची १०ईसी, सॅमसंगची १४४डी. ड्रायव्हरबरोबर 'आयएनएफ' या आडनांवाची एक फाइल येते. ती साध्या मजकुराची असते. कोणीहि उघडून वाचावी. कोणकोणत्या खुणांच्या वस्तूंसाठीं हा दुभाष्या आहे, याची यादी तींत असते. अवयवाची खूण आणि त्या यादींतील खूण जुळली कीं सोयरीक ठरली. न ओळखलेल्या यंत्राचा सारा तपास या जुळणीभोंवतीं फिरतो, आणि अंदाजानें दहा ड्रायव्हर लावून पाहाण्यापेक्षां ही खूण एकदां कागदावर उतरून घेणें केव्हांहि शहाणपणाचें.

ही अडचण आजची नव्हे. विंडोज एक्सपी २००१ सालीं आली तेव्हां ती बसवितांना आरंभीं पडद्याच्या तळाशीं क्षणभर एक ओळ झळके: डिस्कचा निराळा ड्रायव्हर द्यावयाचा असेल तर 'एफ-६' ही कळ दाबावी. कळ दाबण्यास उशीर झाला कीं सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून. ड्रायव्हर द्यावयाचा तोहि फ्लॉपीवरून. फ्लॉपी गेली, ती कळहि गेली; तरी इंटेलच्या ड्रायव्हरांच्या गाठोड्यांच्या नांवांत 'एफ-६' आणि फ्लॉपीचीं आद्याक्षरें पुढें कित्येक वर्षें तशींच राहिलीं. पुढची पाळी यूएसबीची. २००९ सालच्या विंडोज ७ जवळ यूएसबी ३.० चा दुभाष्या नव्हता. तो २०१२ सालच्या विंडोज ८ पासून आला. मधल्या काळांत केलेल्या माध्यमांनीं एक चमत्कार दाखविला. यंत्राचें मूळ फर्मवेअर निळ्या खांचेंतला पेन ड्राइव्ह सहज वाची, त्यावरून धाकटी विंडोज उठवी, आणि उठल्याबरोबर तिला तोच पेन ड्राइव्ह दिसेनासा होई. ज्या होडींतून पैलतीर गांठला ती होडीच ओळखूं येऊं नये, तशांतला प्रकार. एनव्हीएमई जातीच्या चपळ डिस्का आल्या तेव्हां त्यांचा दुभाष्या २०१३ सालच्या विंडोज ८.१ मध्यें प्रथम अंगभूत म्हणून आला. त्याआधींचीं माध्यमें त्या डिस्कांपुढें आंधळीं.

वाचनालयाच्या लॅपटॉपची कथा याच्या पुढल्या पायरीवरची होती. २०२० सालीं आलेल्या अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांपासून पुष्कळशा लॅपटॉपांत डिस्क व विंडोज यांच्यामध्यें 'व्हीएमडी' नांवाचा एक कारभारी उभा असतो. डिस्क त्याच्या ओसरीवर, माजघराच्या आंत. विंडोजला त्या कारभाऱ्याची बोली कळत नसेल तर तिच्या दृष्टीनें घरांत डिस्कच नाहीं. २०१९ सालच्या पेन ड्राइव्हला २०२० साली जन्मलेल्या कारभाऱ्याची ओळख असण्याचें कारणच नव्हतें. पेन ड्राइव्ह खोटा नव्हता. ज्या जुन्या मेजावरच्या संगणकासाठीं तो केला होता, तो संगणक भंगारांत जाऊन तीन वर्षें झालीं होतीं.

हें सारें त्या गांवीं उलगडलें तें एका वर्गणीदारामुळें. संगणकशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशीं पुस्तक बदलण्यास आली. बाईंचा उतरलेला चेहरा पाहून तिनें हकीकत विचारली, आणि सगळी ऐकून घेऊन एकच प्रश्न केला.

"बाई, बायॉसमध्यें डिस्कचं नांव दिसतं का?"

तें कोणी पाहिलेंच नव्हतें. दुरुस्तीवाल्यानें जुनी डिस्क परत बसविली. यंत्र सुरू होतांना 'एफ-२' कळ दाबून तिनें बायॉसचें पान उघडलें. तेथें डिस्कचें नांव, तिचा नमुना, ५१२ जीबी हें आकारमान, सारें स्वच्छ लिहिलेलें होतें.

"नांव दिसतंय, म्हणजे डिस्क जिवंत आहे. आपल्या पेन ड्राइव्हला तिच्यापर्यंत जायची वाट माहीत नाहीं, एवढंच."

निदानाची पहिली फोड येथेंच होते, आणि ती करण्यास हत्यार-अवजार लागत नाहीं. बायॉसलाच डिस्क दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधण्यांत अर्थ नाहीं. मग यंत्र उघडून डिस्क पुन्हां नीट दाबून बसवावी, केबल बदलून पाहावी. एम-२ जातीच्या चपट्या डिस्कांत आणखी एक फसवणूक आहे. त्या दिसावयास सारख्या, पण आंतून दोन जातींच्या: एक साटा, दुसरी एनव्हीएमई. केवळ एनव्हीएमईसाठीं केलेल्या खांचेंत साटा डिस्क पुष्कळदां व्यवस्थित बसते आणि तरी कधींच दिसत नाहीं. कांहीं मदरबोर्डांवर एम-२ ची एक खांच वापरली कीं साटाची एक जागा आपोआप बंद पडते. या गोष्टी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत लिहिलेल्या असतात, परंतु पुस्तिका उघडण्याची पाळी सर्व उपाय हरल्यावरच येते.

बाजारपेठेंतून तोंवर एक सल्लाहि आला होता: बायॉसमध्यें तो व्हीएमडी बंद करून टाकावा, डिस्क ताबडतोब दिसेल. सल्ला खोटा नव्हता. कारभारी दूर झाला कीं डिस्क उघडी होते आणि एनव्हीएमईचा अंगभूत दुभाष्या तिच्याशीं बोलूं लागतो. परंतु मुलीनें तो मानला नाहीं, आणि तिचें बरोबर होतें. व्हीएमडी चालू असतां बसविलेली विंडोज तो बंद केल्यावर सहसा उठत नाहीं. निळ्या पडद्यावर सुरू होण्याची डिस्क हातीं लागत नाहीं असें म्हणून ती थांबते. म्हणजे एक रोगी असतां दुसरा तयार होतो, आणि मूळ दुखणें कोणतें हेंच मग कळेनासें होतें. बायॉसमधील बदलानें एन्क्रिप्शनचें कुलूप सावध होऊन किल्ली मागूं लागतें तें निराळेंच. शिवाय ज्या यंत्रांत दोन डिस्का जोडून एक केलेल्या असतात, तेथें ही जोडणी सुटून दोन अनोळखी डिस्का समोर येतात. विंडोज त्यांना 'इनिशिअलाइझ' करूं का म्हणून विचारते, आणि घाबरलेला माणूस 'होय' म्हणतो. गमावलेल्या किती माहितीचा अंत अशा एका होकारांत झाला असेल, तो हिशेब कोणी ठेविलेला नाहीं. न दिसणाऱ्या डिस्कनें माहितीचें कांहींच नुकसान केलेलें नसतें. नुकसान होतें तें ती दिसावी म्हणून केलेल्या धडपडीनें.

मुलीनें पेन ड्राइव्हवरून यंत्र पुन्हां उठविलें. पट्टी चालत नव्हती म्हणून शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानांतून तारेचा माउस उसना आणला. कित्येक लॅपटॉपांत ती पट्टीहि निराळ्या चिपमार्फत जोडलेली असते आणि तिचाहि दुभाष्या धाकट्या विंडोजजवळ नसतो. त्यावर माउस हाच सोपा इलाज. मग तिनें बॅकअपच्या कार्यक्रमांतील न ओळखलेल्या वस्तूंचें पान उघडलें. असें पान बऱ्याच कार्यक्रमांत असतें, फक्त तें आपण होऊन समोर येत नाहीं. त्यांत एका ओळींत बनविणाराची खूण ८०८६ आणि वस्तूची ९ए०बी अशी होती. अकराव्या पिढीच्या व्हीएमडीची हीच खूण. तिनें ती वहीच्या कोपऱ्यावर लिहून घेतली.

लॅपटॉपच्या पोटाखालीं छापलेला नमुना-क्रमांक घेऊन ती घरीं गेली व आपल्या संगणकावरून बनविणाऱ्या कंपनीच्या पानावरचा डिस्कचा ड्रायव्हर उतरवून घेतला. येथें पुष्कळांची फसगत होते. ड्रायव्हर म्हणून जी फाइल मिळते ती 'ईएक्सई' आडनांवाची, म्हणजे बसविणारा कार्यक्रम असते. तो मोठ्या विंडोजसाठीं लिहिलेला. धाकट्या विंडोजच्या पुढें तशी फाइल ठेविणें म्हणजे बांधलेली पेटी किल्लीवांचून पुढें सारणें. ती आधीं दुसऱ्या चालत्या यंत्रावर सोडून घ्यावी लागते. इंटेलच्या त्या कार्यक्रमाला नांवापुढें 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' अशी सूचना दिली कीं तो कांहीं न बसवितां आंतले ड्रायव्हर एका फोल्डरांत मोकळे करतो. मुलीनें तसें केलें, आयएनएफ फाइल वहींतल्या खुणेशीं ताडून पाहिली, आणि ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन आली.

ड्रायव्हर चढेना. कारण साधें होतें: तिनें आयएनएफ फाइल एकटीच आणली होती. ती यादी आहे, दुभाष्या नव्हे. खरा दुभाष्या 'एसवायएस' फाइलींत असतो आणि त्याच्या सहीशिक्क्याचा कागद 'सीएटी' फाइलींत. तिघांनींहि एकाच फोल्डरांत असावें लागतें. ती हंसली, पुन्हां घरीं जाऊन आली. माध्यम ६४-बिट असेल तर ड्रायव्हरहि ६४-बिटच पाहिजे, एवढें मात्र तिनें पहिल्याच वेळीं पाहिलें होतें. आणखी एक अडचण तिच्या वांट्यास आली नाहीं, पण येऊं शकते: ड्रायव्हर फार नवा आणि माध्यम फार जुनें असलें तर जुनें माध्यम त्याला घरांत घेतच नाहीं. तेथें नव्यानें माध्यम करण्यावांचून गत्यंतर नसतें.

या खेपेस फोल्डर दाखविल्याबरोबर कांहीं क्षणांत यादी हालली आणि ५१२ जीबींची डिस्क तींत येऊन बसली. ज्या कार्यक्रमांत ड्रायव्हर चढविण्याची कळ नसते, तेथें काळा पडदा उघडून 'ड्रव्हलोड' ही आज्ञा आयएनएफ फाइलीच्या नांवासह दिली तरी तेंच काम होतें. आणि 'डिस्कपार्ट'मध्यें 'लिस्ट डिस्क' म्हटलें कीं डिस्क आली कीं नाहीं तें कळतें. 'लिस्ट' पुरतेंच तेथें थांबावें. त्याच 'डिस्कपार्ट'मध्यें 'क्लीन' म्हणून एक आज्ञा आहे, ती नांवाप्रमाणें सारें स्वच्छ करते.

डिस्क आली, पण तिच्या चित्रावर कुलूप होतें. बाईंना हें ठाऊकच नव्हतें. लॅपटॉप प्रथम चालू करतांना ज्याचें मायक्रोसॉफ्टचें खातें त्यांत घातलें जातें, त्याच्या नांवें पुष्कळ यंत्रांत डिस्कचें एन्क्रिप्शन मुकाट्यानें सुरू होतें. रोजच्या कामांत त्याची जाणीव होत नाहीं. यंत्र उठतांना कुलूप आपोआप उघडतें. परकें माध्यम लावलें कीं मात्र ४८ आंकडी किल्ली मागितली जाते. १९ जुलै २०२४ रोजीं एका सुरक्षा-कार्यक्रमाच्या सदोष सुधारणेनें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें निळ्या पडद्यावर अडकलीं; तेव्हां पुष्कळ कचेऱ्यांत पेन ड्राइव्ह हातांत असून किल्ल्या कोठें आहेत हेंच शोधण्यांत वेळ गेला. वाचनालयाचा लॅपटॉप पूर्वींच्या चिटणिसांनीं आपल्या खात्यावर चालू केला होता. ते आतां पुण्यास मुलीकडे राहात होते. बाईंनीं फोन लावला.

"अण्णा, तुमच्या खात्यांत आपल्या यंत्राची किल्ली आहे म्हणतात."

"माझ्या? मला तर घराचीहि किल्ली सांपडत नाहीं," अण्णा म्हणाले, पण त्यांच्या नातवानें खातें उघडून दिलें. तेथें तीन यंत्रांच्या तीन किल्ल्या होत्या. पडद्यावर किल्लीची जी ओळख-खूण दिसत होती, तिचीं पहिलीं आठ अक्षरें ज्या ओळीशीं जुळलीं ती किल्ली त्यानें सहा-सहा आंकडे करून वाचून दाखविली. बाई म्हणत गेल्या, मुलगी दाबीत गेली. शेवटचा गट पुरा झाला आणि कुलूप उघडलें.

डिस्क उघडल्यावर राखीव प्रत लगेच तिच्यावर उतरवावी, अशी ओढ लागणें स्वाभाविक आहे. तसें केलें असतें तर दोन महिन्यांची नोंद त्या प्रतीखालीं कायमची गाडली गेली असती. मुलीनें आधीं नोंदींचें फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलें; मग त्या मोडक्या स्थितींतल्या सगळ्या डिस्कचीच आणखी एक प्रत घेतली. त्यानंतर जुनी प्रत परत बसविली आणि नोंदींचें ताजें फोल्डर तिच्या जागीं ठेविलें. प्रत याच लॅपटॉपची असल्यामुळें व्हीएमडीचा दुभाष्या तिच्या पोटांत होताच. विंडोज पहिल्या कळेसरशीं उठली. प्रत जर दुसऱ्या, निराळ्या घडणीच्या यंत्रावर उतरवावयाची असती, तर एवढ्यानें भागलें नसतें. तेथें माध्यमाला ड्रायव्हर शिकविणें निराळें आणि उतरविलेल्या विंडोजला शिकविणें निराळें. पहिलें केलें व दुसरें विसरलें, तर उतरविणें शेवटपर्यंत सुरळीत होतें आणि यंत्र सुरू करतांच तोच निळा पडदा समोर येतो. बॅकअपच्या कांहीं कार्यक्रमांत या दुसऱ्या कामासाठीं स्वतंत्र सोय असते. नसेल तर 'डिझम' या आज्ञेनें निजलेल्या विंडोजमध्यें ड्रायव्हर घालतां येतो.

ज्यांच्या राखीव प्रती जाळ्यावरच्या सामाईक डिस्कवर असतात, त्यांना हाच खेळ जाळ्याच्या कार्डाशीं खेळावा लागतो. नव्या मदरबोर्डांवरचीं अडीच गिगाबिटचीं कार्डें जुन्या माध्यमांस अपरिचित असतात. साध्या विंडोज पीईला वाय-फाय तर येतच नाहीं. अशा वेळीं तास न् तास घालविण्यापेक्षां प्रत यूएसबी डिस्कवर आणून द्यावी.

माध्यमानें यंत्र न ओळखण्याचा दोष नेहमीं जुनेपणाचाच असतो असेंहि नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज ११ ला जी सुधारणा मिळाली, तिनें २४एच२ व २५एच२ या आवृत्त्यांतील संकटकाळच्या अंगभूत पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड व माउस निकामी करून टाकले. नेहमींच्या विंडोजमध्यें ते उत्तम चालत; संकटाचा पडदा आला कीं स्तब्ध. निवड करण्यास सांगणारा पडदा समोर, आणि निवड करण्यास हात नाहीं. मायक्रोसॉफ्टनें २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती दिली. तोंवर ज्यांच्यापाशीं स्पर्शाचा पडदा, जुन्या गोल खांचेचा पीएस-टू कीबोर्ड किंवा आधींच केलेला निराळा रिकव्हरी पेन ड्राइव्ह होता, तेच वाट काढूं शकत होते. गोल खांचेचा कीबोर्ड अडगळींत टाकून न देणाऱ्या चिक्कू माणसाला त्या सहा दिवसांत मान मिळाला असेल.

वाचनालयांत पुढच्या रविवारीं नवा पेन ड्राइव्ह करण्यांत आला, आणि तो त्याच लॅपटॉपवर बसून केला. त्यामुळें बॅकअपच्या कार्यक्रमानें त्या यंत्राचे ड्रायव्हर शोधून आपण होऊनच त्यांत घातले. यंत्र पेन ड्राइव्हवर ठेवून परगांवीं करून आणण्यापेक्षां ही रीत कितीतरी सोपी. व्हीएमडीच्या तिन्ही फायली मुलीनें एका निराळ्या फोल्डरांतहि ठेविल्या. मग विंडोज धडधाकट असतांना यंत्र मुद्दाम त्या पेन ड्राइव्हवरून उठविलें. आंतली डिस्क यादींत दिसते, बाहेरची दिसते, बाहेरच्या डिस्कवरची प्रत उघडते, एवढें पाहिलें आणि कांहींहि न करतां यंत्र बंद केलें. या सगळ्याला वीस मिनिटें लागलीं. दुरुस्तीवालाहि तें पाहाण्यास येऊन उभा होता. त्यानें आपल्या कोऱ्या डिस्कचे पैसे घेतले नाहींत, पण व्हीएमडीच्या फायली मात्र आपल्या पेन ड्राइव्हवर मागून घेतल्या.

राहिली किल्ली. डिस्कला नवें कुलूप बसलें होतें आणि खातें या खेपेस वाचनालयाच्या नांवाचें होतें. ते ४८ आंकडे लिहून ठेवावयाचे कोठें, यावर कार्यकारी मंडळाच्या बैठकींत अर्धा तास चर्चा झाली. अखेर बाईंनीं दाखलनोंदीची शेवटची वही काढली, जिला अद्याप कसर लागलेली नव्हती, आणि तिच्या आंतल्या पुठ्ठ्यावर सहा-सहाचे आठ गट शाईनें लिहून वही लोखंडी कपाटांत ठेवून दिली.